वर्गणी आटली, देणग्या वाढल्या: जागतिक आरोग्य संघटनेच्या तिजोरीची पूर्वपीठिका

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत सभासदाने बाहेर कसं पडावं याबद्दल एक अक्षर नाही. जुलै १९४६मध्ये न्यूयॉर्कला ६१ देशांनी त्या घटनेवर सह्या केल्या आणि ७ एप्रिल १९४८ला ती लागू झाली. रोगाला सरहद्द कळत नाही, तेव्हा एक जण बाहेर गेला तर पंचाईत सगळ्यांचीच. अमेरिकी काँग्रेसने मात्र १४ जून १९४८ला सभासदत्वाला मंजुरी देताना आपल्यापुरतं दार पाडून घेतलं: एक वर्षाची नोटीस देऊन आम्ही बाहेर पडू शकू. सोबत एक अट, तीही स्वतःवरच घातलेली: चालू आर्थिक वर्षाची देणी पूर्ण चुकती करू. दहा दिवसांनी जिनिव्हात पहिली जागतिक आरोग्य सभा भरली. अशी अट घालून कुणाला आत घेता येतं का, यावर बोलणं झालं आणि सभेने एकमताने मान तुकवली. सगळ्यांत मोठी वर्गणी देणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवून संस्था कशी चालणार?

ही वर्गणी म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं तिच्याभोवतीच आहेत. घटनेच्या ५६व्या कलमाप्रमाणे अंदाजपत्रक सभा मंजूर करते आणि खर्च सभासद देशांत वाटून देते. वाटणी ऐपतीप्रमाणे. देशाचं राष्ट्रीय उत्पन्न, कर्जाचा बोजा, दरडोई उत्पन्न असं सगळं धरून संयुक्त राष्ट्रांचं एक कोष्टक दर तीन वर्षांनी ठरतं आणि आरोग्य संघटना तेच जवळपास जसंच्या तसं घेते. सगळ्यांत गरीब देशाचा वाटा ०.००१ टक्का, सगळ्यांत श्रीमंताचा जास्तीत जास्त २२ टक्के. भारताचा एक टक्क्याहून किंचित जास्त. चीनचा या शतकाच्या सुरुवातीला एका टक्क्याच्या आसपास होता, तो २०२५पासून २० टक्क्यांवर गेला आहे. वर्गणी थकली तर सातव्या कलमाखाली मताचा अधिकार गोठवता येतो.

लगेच पुढचं ५७वं कलम देणग्या स्वीकारायची मुभा देतं. आपल्याकडे गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की दोन वह्या असतात. एकीत घरटी वर्गणी. दुसरीत देणग्या, त्या देणाऱ्याला पायरीवर नाव कोरून हवं असतं, आणि पायरी कुठली तेही तोच सांगतो. जिनिव्हाच्या या संस्थेचा पाऊणशे वर्षांचा आर्थिक इतिहास म्हणजे पहिली वही बारीक होत जाणं आणि दुसरी जाड होत जाणं.

सुरुवात लहान होती. १९४९चं पहिलं अंदाजपत्रक होतं ५० लाख डॉलरचं. त्याच सुमारास सोव्हिएत गटातले देश रागावून निघून गेले. बाहेर पडायची तरतूदच नसल्यामुळे संघटनेने त्यांना ‘निष्क्रिय सभासद’ असं नाव देऊन टाकलं आणि पाचेक वर्षांनी ते परतायला लागले तेव्हा थकबाकीवर तडजोड केली. भारत मात्र पहिल्यापासून आत होता आणि नुसता आत नव्हता. दिल्लीतलं आग्नेय आशियाचं कार्यालय हे संघटनेचं पहिलं प्रादेशिक कार्यालय, आणि १९५०च्या सभेच्या अध्यक्ष होत्या आपल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली स्त्री.

देणगीची पहिली मोठी वही उघडली ती मलेरियासाठी. १९५५ला मलेरिया निर्मूलनाचा ठराव झाला आणि त्यासाठी वेगळं खातं काढलं गेलं. त्यातला बहुतेक पैसा अमेरिकेचा. डीडीटी फवारत गेलं की डास संपतील, डास संपले की ताप संपेल, असा हिशोब होता. काही देशांत तो जमला, पुष्कळ ठिकाणी फसला. पैसे देणाऱ्याचा उत्साह ओसरला तसं खातं आटलं आणि १९६९ला सभेने धोरणच बदललं.

या अपयशाची सावली देवीच्या रोगाविरुद्धच्या मोहिमेवर पडली. १९५८ला मिनियापोलिसच्या सभेत सोव्हिएत प्रतिनिधी व्हिक्टर झ्दानोव यांनी देवी जगातून संपवण्याचा प्रस्ताव मांडला. पुढच्या वर्षी ठराव झाला, पण पैसा नाममात्र. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? १९६६ला महासंचालक मार्कोलिनो कान्दाउ यांनी वर्षाला २४ लाख डॉलर मागितले, तेही फारसा विश्वास नसताना. मलेरियाने त्यांचे हात पोळले होते. ही रक्कम वर्गणीतून यायची होती, म्हणजे प्रत्येकाची वर्गणी वाढणार होती. म्हणून मोठे वर्गणीदारच नाराज. प्रस्ताव मंजूर झाला तो अवघ्या दोन मतांच्या फरकाने. मोहिमेचे प्रमुख झालेले डी. ए. हेंडरसन पुढे सांगत की, प्रमुख अमेरिकीच हवा असा आग्रह कान्दाउंनी धरला, कारण मोहीम बुडालीच तर खापर फोडायला अमेरिका असावी!

मोहीम बुडाली नाही. भारतातली देवी मे १९७५मध्ये थांबली आणि १९८०मध्ये सभेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तेरा वर्षांचा आंतरराष्ट्रीय मदतीचा खर्च ९.८ कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे संस्थेच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं यश मुळात वर्गणीच्या मतदानावर, काठावर पास होऊन उभं राहिलं. अर्थात देणग्या नसत्या तर ते शेवटाला गेलं नसतं, हेही खरं. १९७४च्या साथीत स्वीडनने खास भारतासाठी पैसा दिला आणि जमशेदपूरच्या आसपास टाटांची पोलाद कंपनी स्वतःची माणसं, गाड्या घेऊन उतरली. देणगी वाईट असते असं माझं म्हणणं नाहीच. ती कुणाच्या वहीत पडते आणि कुणाच्या सांगण्यावरून खर्च होते, एवढाच मुद्दा आहे.

खरी वळणाची वर्षं ऐंशीच्या दशकातली. हाफदान माहलर महासंचालक होते. त्यांच्या काळात संघटना बड्या उद्योगांच्या आड येऊ लागली होती: १९७७ला अत्यावश्यक औषधांची यादी आली आणि १९८१ला बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात रोखणारी संहिता. त्या संहितेवरचं मतदान ११८ विरुद्ध १. तो एक म्हणजे अमेरिका. एका देशाला एक मत या नियमाने हरलेल्याच्या हाती दुसरी दोरी होती, आणि ती ओढली गेली. मोठ्या वर्गणीदारांनी अंदाजपत्रक महागाईपलीकडे वाढू द्यायचं नाही असं ठरवलंच होतं. १९८५ला अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची वर्गणी अडवायला सुरुवात केली, आणि आरोग्य संघटनेच्या बाबतीत औषधांच्या कार्यक्रमावरचा रागही त्यात होता. १९९३पासून तर आकडाच गोठला. महागाईचीही भर नाही. दहा वर्षं पगारवाढ न मिळालेल्या माणसाला विचारा, म्हणजे याचा अर्थ कळेल.

गोठवण्याचं समर्थन करणाऱ्यांची बाजू अगदीच लटकी नव्हती. १९९३मध्ये महासंचालक हिरोशी नाकाजिमा यांच्या फेरनिवडीच्या वेळी कार्यकारी मंडळाच्या काही सदस्यांना दिलेल्या कंत्राटांवरून गदारोळ झाला आणि बाह्य लेखापरीक्षकाला चौकशी करावी लागली. अशा संस्थेला आणखी पैसे कशाला, हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्त होता. पण उत्तर विचित्र निघालं. त्याच देशांनी वर्गणी अडवली आणि दुसऱ्या हाताने देणगी दिली, आपण सांगू त्या कामासाठी. १९९०च्या सुमाराला देणग्यांनी वर्गणीला मागे टाकलं. २०२०-२१पर्यंत वर्गणीचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास आला.

देणगीतला बहुतेक पैसा कामाला बांधलेला असतो. करारात रोग, देश, मुदत सगळं लिहिलेलं. पोलिओसाठी आलेल्या डॉलरमधून रक्तदाबाच्या कामाला एक सेंट वळवता येत नाही. त्यात आणखी एक मेख आहे. अशा प्रकल्पामागचा कार्यालयाचा, हिशोबाचा, भरतीचा वरखर्च भागवायला देणगीतून १३ टक्के कापायचे, असा दर सभेने १९८१ला ठरवला. प्रत्यक्ष वरखर्च त्याहून जास्त येतो, आणि पुष्कळ देणगीदार १३सुद्धा घासाघीस करून कमी करून घेतात. उरलेलं खिंडार वर्गणीतून भरतं. पायरीवर नाव एकाचं, आणि सिमेंट घरटी वर्गणीचं!

पोलिओचा पैसा एके काळी एवढा होता की कित्येक देशांत संघटनेचं कार्यालय म्हणजे मुख्यतः पोलिओचीच माणसं. या क्षेत्रात गेट्स फाउंडेशन देशांच्या रांगेत जाऊन बसलं आणि काही वर्षं तर एकूण देणाऱ्यांत दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. ते मतदान करत नाही. पण कुठल्या कामाला माणसं मिळतील आणि कुठलं काम फायलीत राहील, यावर मतापेक्षा पैशाचा परिणाम जास्त होतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. अशा बिगरसरकारी संबंधांसाठी नियमांची चौकट २०१६ला आली. देणग्या येऊ लागून तोवर दोन पिढ्या उलटल्या होत्या.

महाराष्ट्राशी याचा धागा सरळ आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची किंवा परळच्या हाफकिनची लस युनिसेफने खरेदी करायची तर तिला आधी जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, लागते. ही तपासणी करणाऱ्या विभागाचा खर्चही वर्गणीतून पूर्ण भागत नाही. तो मुख्यतः देणग्यांवर आणि लस-औषध उत्पादकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर चालतो. तपासणी चोख नसते असं कुणी म्हणत नाही. पण ज्याची परीक्षा त्याचीच फी, ही व्यवस्था रोज समजावून सांगावी लागते, हे बरं लक्षण नव्हे.

मग जाब कुणी विचारायचा? कागदावर उत्तर सोपं आहे: सभासद सरकारं सभेत विचारतात. बाह्य लेखापरीक्षक सभाच नेमते, आणि त्याचा अहवाल जाहीर होतो. हे काम भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे, म्हणजे कॅगकडे, २००४पासून काही वर्षं होतं. २०२०पासून ते पुन्हा कॅगकडेच आहे. टू-जी आणि कोळसा खाणींच्या अहवालांमुळे आपल्याला जे कार्यालय माहीत झालं, तेच जिनिव्हाची बिलं तपासतं.

सामान्य माणसाला मात्र थेट दार नाही. १९४७च्या विशेषाधिकार करारामुळे संघटनेला सभासद देशांच्या न्यायालयांत खेचता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या आरोग्य मंत्रालयाकडे टाकता येतो, संघटनेकडे नाही. २००९च्या स्वाइन फ्लूच्या वेळी तर सल्ला देणाऱ्या आणीबाणी समितीतली नावंच गुप्त ठेवली गेली; साथ संपल्याचं जाहीर झाल्यावर, २०१०मध्ये ती बाहेर आली. काँगोतल्या इबोला मोहिमेत लैंगिक शोषणाचे आरोप झाले तेव्हा ते बाहेर आले पत्रकारांमुळे, संघटनेच्या यंत्रणेमुळे नव्हे. सप्टेंबर २०२१च्या स्वतंत्र चौकशी अहवालात ८३ संशयित होते आणि त्यांतले २१ संघटनेने नेमलेले. देणगीदाराचा अहवाल एक महिना उशिरा गेला तर विचारणा होते. त्या गावांतल्या बायकांची तक्रार कुठल्या करारात बसत नव्हती.

कोविडने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. २०२०च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी पैसा थांबवला, जुलैत बाहेर पडण्याची नोटीस दिली; जानेवारी २०२१मध्ये बायडेन यांनी ती मागे घेतली. जगभर साथ चालू असताना एका देशाच्या निवडणुकीवर संस्थेचं अंदाजपत्रक लटकतं हे दिसल्यावर बाकीचे हलले. मे २०२२च्या सभेत ठरलं: वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवत २०३०-३१पर्यंत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर न्यायची. पहिली २० टक्के वाढ २०२३ला मंजूर झाली.

दुसरी वाढ मे २०२५मध्ये मंजूर झाली, पण तोवर पान उलटलं होतं. २० जानेवारी २०२५ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली होती. २०२६-२७ या दोन वर्षांसाठी आधी ५३० कोटी डॉलरचा विचार होता, तो कापत ४२० कोटींवर आणावा लागला; माणसं कमी झाली, विभाग एकमेकांत मिसळले. नोटिशीची मुदत २२ जानेवारी २०२६ला संपली. तेव्हा अमेरिकेची २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांची वर्गणी, सुमारे २६ कोटी डॉलर, थकलेलीच होती.