बोलिंगचा चेंडू : निवड आणि जुळवणी

टेनपिन बोलिंगमध्ये, म्हणजे लांबट मार्गावरून (लेन) चेंडू सोडून दहा पिना पाडण्याच्या खेळात, खेळाडूच्या हाताला, वेगाला आणि लेनवर पसरलेल्या तेलाच्या थराला साजेसा चेंडू निवडणे व त्याची छिद्रे, पकड आणि पृष्ठभाग त्यानुसार बदलून घेणे, याला चेंडूची जुळवणी म्हणतात. नियमांनुसार चेंडूचे वजन १६ पौंडांपेक्षा (सुमारे ७.२६ किग्रॅ.) जास्त चालत नाही. सर्वच वजनांचे चेंडू आकाराने जवळपास सारखे, म्हणजे साधारण साडेआठ इंच व्यासाचे असतात. फाउल लाइनपासून (फेकताना ओलांडायची नसते ती रेघ) हेडपिनपर्यंतचे (सर्वांत पुढच्या पिनेपर्यंतचे) अंतर ६० फूट असते, त्यामुळे हातातून सुटताना झालेली अंशभराची चूक पिनांपाशी पोचेपर्यंत लेनच्या कित्येक पट्ट्यांची (लेनवरच्या उभ्या फळ्यांची) होते.

वजन : शरीराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश, हा प्रचलित आडाखा फक्त सुरुवातीपुरता धरावा. खरी परीक्षा झोक्यात होते. झोका मागे जाताना खांदा खाली ओढला जात असेल किंवा चौथ्या-पाचव्या गेमपर्यंत वेग पडत असेल, तर चेंडू जड आहे. झोका स्वतःच्या वजनाने न जाता खेळाडू तो हाताने ओढत-ढकलत असेल, तर चेंडू हलका आहे. हलका चेंडू दीड किलोच्या पिनवर आदळून बाजूला फेकला जातो आणि मागच्या पिना उभ्या राहतात. तरीही पेलवत नसलेल्या जड चेंडूपेक्षा ताब्यातला हलका चेंडू केव्हाही बरा. बोलिंग केंद्रातल्या सामायिक चेंडूंची आणखी एक अडचण असते : हलक्या चेंडूंची छिद्रे बहुधा लहान हातांसाठी पाडलेली असतात. त्यामुळे मोठ्या अंगठ्याचा माणूस छिद्रासाठी म्हणून नको इतका जड चेंडू उचलतो. हाताच्या मापाने छिद्रे पाडलेला चेंडू त्याच वजनाच्या सामायिक चेंडूपेक्षा हलका वाटतो, कारण तो आवळून धरावा लागत नाही.

पकड : ताब्याचा प्रश्न मुख्यतः इथेच सुटतो किंवा बिघडतो. पारंपरिक पकडीत मधले बोट आणि अनामिका दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात, फिंगरटिप पकडीत पहिल्या सांध्यापर्यंतच. फिंगरटिप पकडीत चेंडूला फिरकी जास्त देता येते, पण माप चुकले तर तीच पकड जास्त छळते. पारंपरिक पकडीचा स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या आणि बोटांच्या छिद्रांमधले अंतर, असा तपासावा : अंगठा पूर्ण आत घालून दोन्ही बोटे चेंडूवर सैल पसरावीत. दुसऱ्या सांध्याची रेघ बोटाच्या छिद्राच्या अंगठ्याकडील कडेपलीकडे साधारण पाव इंच पडली पाहिजे. मग बोटे आत घालून तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये पेन्सिल सरकवून पाहावी. ती जेमतेम बसावी. सैल फिरली तर स्पॅन आखूड, शिरलीच नाही तर लांब.

लांब स्पॅनमध्ये अंगठ्याच्या मुळाशी कातडी ताणली जाते, अंगठा आत अडकतो आणि चेंडू उशिरा सुटून लेनवर धप्पकन आपटतो. आखूड स्पॅनमध्ये अंगठा वाकवून चेंडू आवळला जातो आणि अंगठ्याच्या सांध्याच्या मागे घट्टा पडतो. अंगठ्याचे छिद्र किंचित घर्षणासह अंगठा फिरवता येईल इतपतच मोठे असावे. ‘सैल असलेले बरे, पटकन सुटेल’ हा समज उलटा आहे. सैल छिद्रात माणूस नकळत आवळतो आणि आवळलेला अंगठा वेळेवर सुटत नाही.

अंगठा दिवसभर एकाच मापाचा राहत नाही. थंडीत तो आक्रसतो, खेळताना सुजतो. म्हणून छिद्र थोडे मोठे ठेवून आत बोलिंगची टेप थरांनी लावतात आणि सूज येईल तशी एकेक पट्टी काढतात. टेप बहुतेक जण नखाच्या बाजूला लावतात, म्हणजे अंगठ्याच्या गादीला होणारा चेंडूचा स्पर्श बदलत नाही. पट्टीची वरची कड छिद्राच्या तोंडापासून थोडी खाली असावी, नाहीतर ती प्रत्येक फेकीत उचकटते. छिद्राचा कल, म्हणजे पिच, हा बदल मात्र ड्रिल करणाऱ्याने करायचा. तळव्याकडे झुकलेले छिद्र चेंडू जास्त धरून ठेवते, उलट कलाचे लवकर सोडते. अष्टमांश इंचाचा फरकही हाताला लगेच जाणवतो.

आवरण आणि पृष्ठभाग : पॉलिएस्टरचा चेंडू तेलावर फारसा वळत नाही, म्हणून स्पेअरसाठी (पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या फेकीत पाडण्यासाठी), विशेषतः कोपऱ्यातल्या एकट्या पिनेसाठी, अनुभवी खेळाडूही तोच वापरतात. युरेथेन लवकर आणि एकसारख्या कमानीत वळतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले रिअॅक्टिव्ह रेझिन तेलात घसरत जाते आणि कोरड्या भागात तीव्र वळते. त्याच चेंडूची वागणूक घासून बदलता येते : ५०० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे घासणाऱ्या पॅडच्या कणांचा आकडा, कमी तितका पॅड खरखरीत) खरखरीत पृष्ठभाग लवकर पकड घेतो, ४००० ग्रिटचा किंवा पॉलिश केलेला लांब जाऊन मग वळतो. घासताना पॅड ओला ठेवावा आणि चेंडूच्या चारही बाजूंना सारखा वेळ द्यावा. एकच बाजू जास्त घासली गेली तर चेंडू दर फेकीत वेगळा वागतो. कोरड्या लेनवर चेंडू फार वळतो म्हणून मनगट बदलू नये. गुळगुळीत पृष्ठभागाचा चेंडू घ्यावा.

लेनवरची जुळवणी : लेन ३९ पट्ट्यांची असते आणि नेम धरण्यासाठी आखलेले बाण पाच-पाच पट्ट्यांच्या अंतराने असतात. फेक चांगली सुटूनही चेंडू ज्या बाजूला चुकला, त्याच बाजूला पाय सरकवावेत, लक्ष्य तेच ठेवावे. चेंडू डावीकडे गेला तर डावीकडे. नवख्यांना हे उलटे वाटते, पण पाय डावीकडे गेले आणि बाण तोच राहिला की फेकीची रेघ उजवीकडे वळते. आधी पाय, मग वेग, शेवटी चेंडू, असा क्रम ठेवला तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळते.

अमेरिकेतील बोलिंगची नियामक संस्था असलेल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार स्पर्धा सुरू झाल्यावर पृष्ठभाग घासता येत नाही. १ ऑगस्ट २०२० पासून तोल साधण्यासाठीचे जादा छिद्रही बंद झाले.

निगा : प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबर कापडाने तेल पुसावे. रिअॅक्टिव्ह आवरण तेल शोषते आणि हळूहळू वळणे कमी होते, तेव्हा चेंडू गरम पाण्यात बुडवून ते तेल काढतात. पाणी हाताला सोसवेल इतपतच गरम असावे आणि छिद्रे आधी टेपने बंद करावीत. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत राहिलेल्या चेंडूच्या आवरणाला तडे जाऊ शकतात.