लंडनमध्ये ठरलं, 2024 मध्ये उलगडलं : मॉरिशसच्या एका वर्षाची पार्श्वभूमी

3 ऑक्टोबर 2024 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांचं संयुक्त निवेदन निघालं. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहावरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व ब्रिटन मान्य करणार, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी संसद विसर्जित केली. देशाच्या इतिहासातला इतका मोठा राजनैतिक विजय हाती असताना निवडणुकीला सामोरं जाण्याइतकी सोयीची वेळ दुसरी कुठली? पण सहा आठवड्यांच्या आत त्यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या 60 पैकी एकही जागा राखली नाही आणि ते स्वतःही पडले.

या दोन्ही घटनांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. सप्टेंबर 1965 मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या अटींवर परिषद भरली. एका बाजूला राज्यघटना आणि निवडणूक पद्धतीची चर्चा चालू होती, तर दुसऱ्या बाजूला, परिषदेच्या खोलीबाहेर, चागोस बेटं तोडून देण्याचा सौदा होत होता. 2024 ची बातमी समजून घ्यायची तर या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.

बेट आणि त्यावरची माणसं

मॉरिशस म्हणजे सुमारे 2,040 चौरस किलोमीटर जमीन आणि साडेबारा लाखांच्या आसपास लोक. मूळ रहिवासी कुणीच नाहीत. डच 1598 मध्ये आले आणि 1710 मध्ये सोडून गेले, 1715 पासून फ्रेंच होते, 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतलं. ऊस फ्रेंच मळेवाल्यांचा, घाम आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचा. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली, तेव्हा मळ्यांसाठी करारबद्ध मजूर आणायची सोय आधीच झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कोलकात्याहून 36 जण उतरले आणि पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावरून आत गेले. तो धक्का, आप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची कुटुंबं बरीच होती. त्यांच्या वंशजांमुळे मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. निवडणुकीच्या हिशेबात मात्र मराठी, तमिळ, तेलुगू हे वेगळे मोजले जात नाहीत. घटनेच्या परिशिष्टात चारच रकाने आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’, म्हणजे मुख्यतः क्रिओल (गुलामांचे वंशज) आणि फ्रेंच वंशाचे.

हे रकाने आले भीतीतून. स्वातंत्र्यानंतर हिंदू बहुमताखाली आपण चिरडले जाऊ, असं अल्पसंख्याकांना वाटत होतं, आणि ती भीती गायतां द्युवाल यांच्या पीएमएसडी पक्षाने मतांत बदलली. ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत शिवसागर रामगुलाम यांची स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली, पण सुमारे 44 टक्के मतं विरोधात पडली. जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईमध्ये दंगली उसळल्या, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. अशा वातावरणात 12 मार्च 1968 रोजी झेंडा फडकला. दांडीयात्रेची आठवण म्हणून तो दिवस निवडला होता.

तीन फुल्या आणि चार जादा खुर्च्या

मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकात तीन जागा. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज या दुसऱ्या बेटाच्या दोन धरून 62. मुख्य बेटावरच्या मतदाराने मतपत्रिकेवर तीनच फुल्या मारायच्या. दोन मारल्या किंवा चार मारल्या, तर मत बाद. पक्ष तीन उमेदवारांचा संच उभा करतात आणि कार्यकर्त्यांचं सगळं बळ एका गोष्टीवर लागतं : मतदाराने तिन्ही फुल्या आपल्याच संचावर माराव्यात. तिथे याला ‘ब्लॉक’ म्हणतात. वेगवेगळ्या पक्षांत मतं वाटली की ‘कूप त्रांश’.

एकाच मतदारसंघात तीन जागा असल्या की त्या वाटल्या जातील, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडतं. लोक ब्लॉकने मत देत असतील, तर सर्वांत मोठा गट तिन्ही जागा नेतो, मग त्याला 38 टक्के मिळोत किंवा 62. एकजागी मतदारसंघात मोठ्या गटाला मतांच्या प्रमाणापेक्षा जास्त जागा मिळतात, तेच इथे तिप्पट जोराने होतं. मतदारसंघांचा आकारही सारखा नाही : राजधानीतल्या सर्वांत लहान मतदारसंघाच्या जवळपास तिप्पट मतदार साव्हान-ब्लॅक रिव्हरमध्ये आहेत.

ही पद्धत अल्पसंख्याकांना गिळेल हे 1966 च्या बॅनवेल आयोगालाही दिसत होतं. त्यावर उतारा म्हणून ‘बेस्ट लूजर’ पद्धत आली, म्हणजे पडलेल्या उमेदवारांपैकी जास्तीत जास्त आठ जणांना संसदेत घेणं. पहिल्या चार जागांचा हिशेब असा. समाजाची लोकसंख्या भागिले (निवडून आलेले सदस्य अधिक एक). ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला जागा. मग त्याचा एक सदस्य वाढवून पुन्हा भागाकार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 62 पैकी हिंदू 39, जनरल पॉप्युलेशन 15, मुस्लिम 8, चिनी 0 निवडून आले. ढोबळ लोकसंख्या धरू अनुक्रमे 4,28,000, 2,50,000, 1,37,000 आणि 24,000. भागाकार येतात 10,700, 15,625, 15,222 आणि 24,000. पहिली जागा चिनी उमेदवाराला. आता त्यांचा भागाकार 12,000 वर उतरला, म्हणून दुसरी जनरल पॉप्युलेशनला. त्यांचा झाला 14,706, म्हणून तिसरी मुस्लिमांना. मुस्लिम 13,700 वर आले, म्हणून चौथी पुन्हा जनरल पॉप्युलेशनला. जागा त्या समाजातल्या सर्वाधिक टक्के मतं मिळवलेल्या पराभूताला जाते. अट एकच, तो कुठल्या तरी पक्षाचा हवा. अपक्षाला हे दार बंद. पुढच्या चार जागा पहिल्या चारांमुळे बिघडलेलं पक्षीय बळ सावरण्यासाठी, म्हणजे सहसा विजयी पक्षाच्या पराभूतांना.

आता खरी अडचण. भागाकारात घ्यायची लोकसंख्या 1972 च्या जनगणनेची आहे, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. ते योग्यच होतं, पण कायदा मात्र जुन्या आकड्यांवर अडकून राहिला. अर्ध्या शतकापूर्वीच्या प्रमाणावर आजची संसद बसवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्याहून अन्यायाची ती सक्ती : उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायचाच, नाही तर अर्ज बाद. रेझिस्तांस एक अल्टरनाटिव्ह या डाव्या संघटनेने हा मुद्दा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत नेला आणि 2012 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. 2014 च्या निवडणुकीपुरती सक्ती उठली, नंतर पुन्हा लागली. ही संघटना 2024 च्या विजयी आघाडीत होती आणि तिचे अशोक सुब्रन मंत्री झाले.

60-0 पहिल्यांदा नव्हे

जून 1982 मध्ये पोल बेरांजे यांचा एमएमएम आणि त्याचे मित्रपक्ष सुमारे 64 टक्के मतांवर सगळ्या 60 जागा घेऊन आले, शिवसागर रामगुलाम स्वतः पडले. डिसेंबर 1995 मध्ये त्यांचे पुत्र नवीनचंद्र रामगुलाम आणि बेरांजे यांनी मिळून सुमारे 65 टक्क्यांवर तेच केलं. 2024 मध्ये तेच दोघे पुन्हा एकत्र, सुमारे 62 टक्के मतं, आणि पुन्हा 60. जगन्नाथ यांच्या आघाडीला 27 टक्क्यांच्या आसपास मतं होती, जागा शून्य.

2019 शी ताडून पाहिलं की यंत्रणेचा स्वभाव कळतो. तेव्हा रामगुलाम यांचा लेबर पक्ष आणि एमएमएम वेगळे लढले, लढत तिरंगी झाली आणि जगन्नाथ यांना सुमारे 37 टक्के मतांवर 70 पैकी 42 जागा मिळाल्या. 2024 मध्ये विरोधक एकत्र आले आणि तीच पद्धत त्यांच्यावर उलटली. लोकमत सरकारच्या विरोधात गेलं होतंच. पण पराभवाचं रूपांतर पुसून जाण्यात केलं ते तीन फुल्यांनी.

60-0 झाल्यावर बेस्ट लूजरही अर्धाच चालतो. विजयी आघाडीत पराभूत कुणी उरतच नाही, म्हणून पक्षीय बळ सावरणाऱ्या चार जागा रिकाम्या राहतात. 2024 ची संसद त्यामुळे 70 ची न होता 66 ची झाली. विरोधी पक्षनेते जो लेजोंगार बेस्ट लूजर म्हणून आत आले. अल्पसंख्याकांसाठी आणलेल्या तरतुदीवर अख्खा विरोधी पक्ष तरला, हे तिच्या रचनाकारांच्या मनात नव्हतं.

तोडलेली बेटं

अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता आणि ब्रिटनने दिएगो गार्सिया देऊ केलं. त्यासाठी चागोस मॉरिशसपासून वेगळं करायचं होतं. 23 सप्टेंबर 1965 रोजी हॅरॉल्ड विल्सन शिवसागर रामगुलाम यांना वेगळे भेटले. भेटीआधी विल्सन यांना दिलेल्या टिपणात हेतू उघड लिहिला होता : स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि न ऐकल्यास मिळणार नाही ही भीती, दोन्ही एकदम दाखवायच्या. 30 लाख पौंडांवर होकार घेतला गेला. 8 नोव्हेंबर 1965 रोजी ब्रिटनने नवी वसाहत जाहीर केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव 2066 करून मॉरिशसचे तुकडे करू नका असं बजावलं होतं, पण तिकडे लक्ष कोण देतो.

1973 पर्यंत दीड ते दोन हजार चागोसवासी बेटांवरून काढले गेले. बहुतेकांना पोर्ट लुई आणि सेशेल्समध्ये आणून सोडलं. 1972 मध्ये मॉरिशसला साडेसहा लाख पौंड आणि 1982 मध्ये 40 लाख पौंड मिळाले, पण नारळाच्या मळ्यांवर वाढलेल्या माणसांना शहराच्या झोपडवस्तीत त्या पैशाने काय उभं करता येणार होतं?

कायद्याची लढाई सावकाश वळली. मार्च 2015 मध्ये लवादाने चागोसभोवतीचं ब्रिटिश सागरी अभयारण्य बेकायदा ठरवलं. जून 2017 मध्ये आमसभेने 94 विरुद्ध 15 मतांनी हेगच्या न्यायालयाचं मत मागितलं, आणि 25 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायालयाने 13 विरुद्ध 1 असं सांगितलं की 1965 चं विभाजन वैध नव्हतं. भारत या सगळ्यात मॉरिशसच्या बाजूने उभा होता. नोव्हेंबर 2022 मध्ये ब्रिटन वाटाघाटीला बसलं, ते यामुळे.

मग विजय विकला का गेला नाही

कारण मतदार दुसरंच काही ऐकत होता. ऑक्टोबरच्या मध्यापासून ‘मिस्ये मुस्तास’ या टोपणनावाने राजकारणी, पत्रकार, पोलीस, राजनैतिक अधिकारी यांची संभाषणं बाहेर पडू लागली. ध्वनिफिती बनावट असल्याचं सरकार म्हणालं, पण आपलाच आवाज आहे असं सांगणारेही पुढे आले. 1 नोव्हेंबरला दूरसंचार प्राधिकरणाने सगळी समाजमाध्यमं 11 नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे मतदान उरकेपर्यंत, बंद ठेवायला सांगितली. ओरड इतकी झाली की दुसऱ्याच दिवशी आदेश मागे घ्यावा लागला.

संशयाची जमीन आधीच तयार होती. जून 2022 मध्ये मॉरिशस टेलिकॉमच्या प्रमुखांनी राजीनामा देऊन आरोप केला होता की बे दु जाकोते इथल्या समुद्री केबलच्या केंद्रात बाहेरच्या पथकाला प्रवेश द्यायला पंतप्रधानांनी सांगितलं. ते पथक भारतीय तंत्रज्ञांचं होतं. राष्ट्रीय सुरक्षेसाठी पाहणी होती, असा सरकारचा खुलासा. 2021 मध्ये खासगी रेडिओचा परवाना तीन वर्षांवरून एका वर्षावर आणला गेला. पुढे सिमकार्डधारकांना फोटोसह पुन्हा नोंदणी करायला लावली. महापालिका निवडणुका 2021 पासून सतत पुढे ढकलल्या जात होत्या. 1971 ची आणीबाणी आणि वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप ज्यांनी पाहिली, त्यांना या सगळ्याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही.

नव्या सरकारने चागोसचा मसुदा पुन्हा तपासायला घेतला. 22 मे 2025 रोजी करारावर सह्या झाल्या : सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षं ब्रिटनकडे, त्यासाठी वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. महापालिका निवडणुका 4 मे 2025 रोजी झाल्या. निवडणूक पद्धत मात्र जिथल्या तिथे आहे. ती बदलायला संसदेच्या तीनचतुर्थांश सदस्यांची मतं लागतात, 66 मध्ये 50, आणि नव्या आघाडीकडे पहिल्याच दिवशी त्याहून जास्त होती. याआधीची दोन 60-0 सरकारं अनुक्रमे नऊ आणि अठरा महिन्यांत फुटली आणि सुधारणेला लागणारं संख्याबळही त्यांच्याबरोबर गेलं.