आफ्रिकी शिल्पे खरोखरच निनावी असतात का?

आफ्रिकी कलेचे क्युरेटर (संग्रहालयातील संग्रहाची निवड व देखरेख करणारे अभ्यासक) होऊ पाहणाऱ्यांना एक समज वारंवार ऐकायला मिळतो: तेथील मुखवटे व मूर्ती निनावी कारागिरांच्या असल्याने कलाकाराचा शोध घेणे व्यर्थ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. नायजेरियातील योरुबा समाजात नामांकित काष्ठशिल्पींची नावे ‘ओरिकी’ या स्तुतिकवनांतून जपली गेली. वसाहतकाळात वस्तू नेणाऱ्यांनी मात्र ती बहुधा विचारलीच नाहीत, आणि कोरी राहिलेली नोंद पुढे ‘अज्ञात’ म्हणून छापली गेली. संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचींतील जुन्या नोंदी पाहाव्यात: अनेकदा संग्राहकाचे नाव व प्राप्तीचे वर्ष आढळते, परंतु कर्त्याच्या जागी केवळ समाजाचे नाव असते. डोळे व कान कोरण्याची लकब जुळवून अभ्यासकांनी काही शिल्पे एकाच हातची असल्याचे दाखवले आहे, आणि ही जुळणी क्युरेटरने आवर्जून शिकावी.