शोकेसवरचा स्पीकर आणि साडेपाच सेंटिमीटर

सदाशिव पेठेतल्या मावसभावाचा फोन आला. "अरे, नवे स्पीकर सोफ्यावर बसून ऐकले की गाणं दबकं येतं, पाणी प्यायला उठलो की खुलतं. परत करू का?" जाऊन पाहिलं, तर दोन्ही स्पीकर शोकेसच्या डोक्यावर. आवाज वरून छान 'पडतो' म्हणे! मंडपात कर्णा उंच बांधतात तो पुढच्यांच्या डोक्यांवरून मागपर्यंत पोचावा म्हणून. दिवाणखान्यात मधे डोकी कुठे असतात?

अशा खोक्यात वर छोटा ट्वीटर असतो, तो तार आवाज काढतो; खाली वाटीएवढा वूफर, तो खर्ज आणि मधलं सांभाळतो. बऱ्याच स्पीकरमध्ये 3000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 3000 लाटांच्या, आसपास एकाचं काम दुसऱ्याकडे जातं, पण खटका दाबल्यासारखं नाही. त्या पट्ट्यात दोघंही एकच स्वर वाजवत असतात. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. त्याला 3000 ने भागलं की एका लाटेची लांबी मिळते, साडेअकरा सेंटिमीटर. अर्धी लाट पावणेसहा.

आम्ही टेप काढली. ट्वीटर आणि वूफरच्या मध्यबिंदूंत 16 सेंटिमीटर. ट्वीटर जमिनीपासून 175 वर, बसलेल्या भावाचा कान 95 वर, मधलं अंतर 220. म्हणजे कान 20 अंश खाली. 16 ला 20 अंशांच्या साइनने गुणा: साडेपाच. वूफरची लाट ट्वीटरच्या लाटेपेक्षा साडेपाच सेंटिमीटर कमी चालून कानाशी येते, म्हणजे जवळजवळ अर्धी लाट आधी. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. नेमकं इथेच, 2000 ते 5000 हर्ट्झमध्ये, आपला कान सर्वांत तिखट असतो. उभं राहिल्यावर कान 155 वर जातो, फरक दीड सेंटिमीटरवर येतो आणि गाणं परत येतं.

पटत नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा स्पीकरवर लावा आणि समोर सावकाश उठाबशा काढा. जवारीचा झणकार एका उंचीवर बुजतो, पुढे पुन्हा उमटतो. वहिनी हसत होत्या, पण त्यांनाही ऐकू आला. स्पीकर आडवा झोपवला तर हाच घोळ डावीकडे-उजवीकडे होतो. सोफ्यावरच्या तिघांना तीन वेगळी गाणी.

शेजारच्या काकांनी आग्नेय कोपरा सुचवला. लाटेला दिशा कळत नाही हो, अंतर कळतं. स्पीकरखाली लावायच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकदार पायांनी हे साडेपाच सेंटिमीटरही बुजत नाहीत.

टिंबर मार्केटातून प्लाय आणून 60 सेंटिमीटरचे स्टँड केले. खोक्यात ट्वीटर 27 वर, म्हणून एकूण 87. कानापेक्षा आठ सेंटिमीटर खाली, पण लाटांमधला फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच. गादीवर मांडी घालून बसलेल्याचा कान साधारण 70 वर येतो, त्यालाही हे स्टँड चालतात.

स्टँडला जागाच नसेल आणि स्पीकर बुटक्या टीव्ही युनिटवर असेल, तर तो कानाकडे कलवा. शाळेतले समरूप त्रिकोण पुरतात. ट्वीटर 55 वर, कान 95 वर, तफावत 40, अंतर 220 आणि खोकं 25 खोल. 25 गुणिले 40 भागिले 220, म्हणजे पुढच्या कडेखाली साडेचार सेंटिमीटरची पाचर. शोकेसवर हाच हिशेब मागच्या कडेखाली नऊ सेंटिमीटर सांगतो. भावाने तेही करून पाहिलं होतं म्हणे, खोकं निसटून वहिनींच्या पुढ्यात येईपर्यंत.