डेड मेन डोन्ट वेअर प्लेड

१९८२ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन विनोदी गुप्तहेरपट. दिग्दर्शक कार्ल रायनर. लेखन रायनर, जॉर्ज गाइप आणि स्टीव्ह मार्टिन यांचे. हॉलिवूडमध्ये १९४०च्या दशकात बहरलेल्या 'फिल्म न्वार' या कृष्णधवल गुन्हेपटांचे हे विडंबन आहे.

कथा लॉस एंजेलिसमध्ये सुरू होते. ज्युलिएट फॉरेस्ट (रेचल वॉर्ड) आपल्या शास्त्रज्ञ वडिलांच्या मृत्यूचा छडा लावण्याचे काम खासगी गुप्तहेर रिग्बी रिअर्डन (मार्टिन) याच्यावर सोपवते. प्रकरण पुढे नाझी कटापर्यंत आणि चीजच्या बुरशीपर्यंत जाते. कथानकात फार डोके घालण्यात अर्थ नाही.

गंमत आहे ती जोडकामात. दीड डझनाहून अधिक जुन्या चित्रपटांचे तुकडे या कथेत ओवले आहेत. रिग्बी एका बाजूला बघून प्रश्न विचारतो, कात्री लागते आणि उत्तर येते ते चाळीसेक वर्षांपूर्वीच्या फितीतून. 'द बिग स्लीप' (१९४६) मधला हम्फ्री बोगार्टचा गुप्तहेर मार्लो इथे रिग्बीच्या हाताखालचा माणूस झाला आहे, आणि टाय लावला नाही म्हणून त्याला बोलणीही खावी लागतात. 'डबल इन्डेम्निटी'तल्या (१९४४) फ्रेड मॅकमरेला गाठायचे तर समोर त्या चित्रपटाची नायिका बार्बरा स्टॅनविकच हवी; मग मार्टिन सोनेरी केसांचा टोप चढवून स्वतःच बाई होतो.

जुने संवाद बदलणे शक्य नसल्याने लेखकांना उत्तरे हाताशी धरून प्रश्न रचावे लागले. 'द ब्राइब' (१९४९) या चित्रपटाच्या नायकाचे नाव रिग्बी आणि त्यातले बेट कार्लोटा. म्हणून इथेही नायक रिग्बीच आणि कटाचा अड्डा कार्लोटाच.

हा सांधा दिसू नये म्हणून घेतलेली मेहनत मात्र अजिबात थट्टेची नाही. छायाचित्रकार मायकेल चॅपमन यांनी नवी दृश्येही जुन्या प्रकाशयोजनेला जुळतील अशी कृष्णधवल टिपली. वेशभूषा ईडिथ हेड यांची, संगीत मिक्लोश रोझा यांचे. 'डबल इन्डेम्निटी'ची वेशभूषा आणि संगीतही याच दोघांचे होते. म्हणजे ज्यांनी हा चित्रप्रकार घडवला, तेच त्याच्या टिंगलीलाही हजर! दोघांचाही हा शेवटचा चित्रपट ठरला. हेड प्रदर्शनापूर्वीच, ऑक्टोबर १९८१ मध्ये वारल्या. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

या चित्रप्रकाराच्या ठरीव खुणा रायनर एकेक करून ताणतात. नायकाचे स्वगत गंभीर आवाजात वाट्टेल ते बोलत सुटते. त्याला गोळी लागली की ज्युलिएट ती तोंडाने चोखून काढते. 'क्लीनिंग वूमन' (साफसफाई करणारी बाई) हे दोन शब्द कानावर पडताच रिग्बीचे भान सुटते आणि तो समोरच्याचा गळा धरतो. शेवटच्या प्रसंगात कटाचा उलगडा करण्याचा मान कोणाचा, यावरून गुप्तहेर आणि खलनायक (स्वतः रायनर) यांची जुंपते.

सगळे विनोद मात्र सारखे उतरलेले नाहीत. मधल्या भागात एकामागून एक तुकडे येत राहतात आणि कथा जागच्या जागी थांबते. बेशुद्ध नायिकेशी रिग्बीने केलेली अंगचटीची चेष्टा तर आज सरळसरळ खटकते. ज्याने मूळ चित्रपट पाहिलेले नाहीत, त्याची निम्मी मजा तशीही बुडते.