आधी हातपाय, मग मन

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी दहाच्या सुमारास रांगेत उभं राहून नुसतं ऐकावं. 'अंगात जीवच नाही.' 'डोकं सुन्न होतं.' 'हातापायांना मुंग्या येतात.' 'रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.' डॉक्टर बीपी बघतात, हिमोग्लोबिन तपासायला सांगतात, बी-कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात. महिन्याभराने तीच बाई तोच केस पेपर घेऊन पुन्हा रांगेत. माझ्या एका मावशीने असे पिशवीभर कागद जमवले होते. कधी कंबर, कधी मान, कधी छातीतली धडधड. तिला नेमकं काय होतंय हे विचारायला तिथे कुणाला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर घरी आम्हालाही नव्हती.

'मला नैराश्य आलंय' असं त्या रांगेत कुणी म्हणत नाही. फार तर 'टेन्शन आहे' म्हणतात, आणि तेही खोदून विचारलं तर. म्हणून आजार नसतो असं नाही. तो शरीराच्या भाषेत बोलतो, एवढंच. उत्तर गोव्यात 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. विषय होता अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार. ही तक्रार आली की जंतुसंसर्ग धरून औषध देण्याची सरधोपट पद्धत होती. तपासण्या केल्यावर दिसलं ते वेगळंच. तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, घरातल्या परिस्थितीशी जास्त घट्ट होता. म्हणजे कित्येक जणी जंतूंवरची औषधं घेत होत्या आणि दुखणं भलतीकडेच होतं.

मग पाठवा की मानसोपचारतज्ज्ञाकडे, असं कुणीही म्हणेल. पण पाठवायचं कुणाकडे? आपल्या देशात लाख माणसांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र आणि गोवा त्यात नव्हते). नैराश्य असलेल्या दर शंभरातल्या 85 जणांपर्यंत कोणताही उपचार पोचलेला नव्हता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 पासून आहे आणि जिल्हा पातळीवरची योजना 1996 पासून. तरीही हा आकडा. तज्ज्ञ वाढवायला हवेतच, पण या वेगाने वाट बघायची तर दोन पिढ्या जातील.

गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने प्रश्न उलटा धरला. तज्ज्ञ नाहीत, तर तज्ज्ञाच्या कामातलं नेमकं काय दुसऱ्या कुणाला शिकवता येईल? 'मानस' नावाच्या त्यांच्या चाचणीत 12 सरकारी आरोग्य केंद्रं आणि 12 खासगी डॉक्टरांचे दवाखाने होते. अर्ध्या ठिकाणी एक स्थानिक समुपदेशक बसवला. मानसशास्त्राची पदवी नसलेला, पण खास प्रशिक्षण दिलेला. तो रुग्णाला आजार समजावून सांगे, नात्यांतल्या गुंत्यांवर बोले, गरज पडली तर डॉक्टर औषध देत आणि तज्ज्ञ अधूनमधून येऊन अवघड रुग्ण बघत. उरलेल्या ठिकाणी नेहमीचा उपचार. 2,796 रुग्ण सामील झाले आणि 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले.

सरकारी केंद्रांमध्ये फरक ठसठशीत होता. समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी सुमारे 66 टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणी साधारण 42 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक नाही! समुपदेशक असो वा नसो, दोन्हीकडे पासष्टच्या आसपास.

मला या चाचणीतलं हेच सगळ्यात रंजक वाटतं. वरवर बघता खासगीत प्रयोग फसला. पण आकडे पुन्हा वाचा. खासगीत समुपदेशक नसतानाच तेवढे लोक बरे होत होते, जेवढे सरकारीत समुपदेशक आल्यावर झाले. असं का? खासगीतला रुग्ण मुळातच वेगळा असू शकतो, त्याच्या खिशाची गोष्ट वेगळी असू शकते. पण एक साधा अर्थही निघतो. गावातल्या जुन्या फॅमिली डॉक्टरला पेशंटचं घरदार माहीत असतं. 'काय गं, मुलगा आला का बोटीवरून?' हे तो स्टेथोस्कोप लावता लावता विचारतो. दर वेळी तोच चेहरा समोर असतो. सरकारी केंद्रात डॉक्टर बदलतात आणि मिनिटागणिक एक केस पेपर सरकतो. समुपदेशकाने तिथे जे भरून काढलं, ते बहुधा हेच असावं. ओळखीचा चेहरा आणि थोडा वेळ.

म्हणजे गोड बोललं की झालं? नाही. इथे बरेच जण घसरतात. शेजारीणही गोड बोलते, 'मन घट्ट कर' म्हणते, आणि ऐकणारीला आणखी अपराधी वाटतं. त्या वेळेत काय करायचं याचं एक तंत्र आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी 1970 च्या दशकात नैराश्याचं एक साधं चित्र मांडलं. माणसाला जगण्यातून छोट्या छोट्या गोष्टी परत मिळत असतात. कुणी हाक मारतं, काम पुरं झाल्याचं समाधान मिळतं. कर्ज, मृत्यू, आजारपण, नवऱ्याची दारू अशा एखाद्या धक्क्याने माणूस मागे सरतो. बाहेर जाणं थांबतं, म्हणून भेटणं थांबतं. भेटणं थांबलं की चार बऱ्या गोष्टी कानावर येणं थांबतं. मन आणखी खचतं, पाय आणखी जड होतात. रहाट उलटा फिरायला लागतो. आपली समजूत अशी की आधी मन ताळ्यावर यावं, मग माणूस कामाला लागेल. हे तंत्र म्हणतं, उलट करून बघू. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. याला बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. पुढे 1996 मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने मानसोपचाराच्या एका प्रचलित पद्धतीचे सुटे भाग करून तपासले, तेव्हा एकट्या या भागाने संपूर्ण पद्धतीइतकाच गुण येतो असं दिसलं. सुटा भाग शिकवायला सोपा. तज्ज्ञ नसलेल्या माणसाच्या हाती देता येईल असा.

गोव्यात त्याचा जो उपचार घडवला त्यात सहा ते आठ भेटी, आठवड्याला एक, प्रत्येक तीस-चाळीस मिनिटांची. भेट केंद्रात, नाहीतर घरी, अडलंच तर फोनवर. समजा, म्हापशाजवळच्या गावातली पन्नाशीची एक बाई आहे. समुपदेशक तिला 'उदास का वाटतं?' असं विचारत बसत नाही. 'पूर्वी काय करत होतात जे आता करत नाही?' असं विचारतो. शुक्रवारच्या बाजाराला जाणं सुटलं. भजनाला जाणं सुटलं. मग आठवड्याचा कागद. सोमवारी काय केलं, तेव्हा कसं वाटलं. दोन आठवड्यांत तिलाच दिसतं की बहिणीशी फोनवर बोलली त्या दिवशी संध्याकाळ बरी गेली, आणि दुपारभर पडून राहिली त्या दिवशी डोकं जास्त दुखलं. पुढच्या आठवड्यासाठी ठरतं ते इवलंसं. बाजाराला नाही, बाजाराच्या वाटेवरच्या मैत्रिणीच्या घरापर्यंत. आणि ते इच्छा झाली तर नाही, ठरलंय म्हणून. सोबत अडचण सोडवायची तयारी. बसभाड्याला पैसे नाहीत, सासूला एकटं सोडता येत नाही, तर काय करता येईल?

(मावशीने पहाटे अंगणात सडा घालणं नेमकं कधी सोडलं, हे पुढे आमच्यापैकी कुणालाच आठवेना. तो प्रश्न वेळेवर कुणी विचारलाच नव्हता.)

या उपचाराची चाचणी 10 आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर झाली आणि 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आली. सौम्य टेन्शनवाले यात घेतलेच नव्हते, बऱ्यापैकी तीव्र किंवा त्याहून तीव्र नैराश्याचेच रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. दुसऱ्या, नुसता नेहमीचा उपचार घेणाऱ्या गटाच्या डॉक्टरांनाही 'या रुग्णाला नैराश्य आहे' हे कळवलं होतं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटातले 39 टक्के.

हे 39 टक्के विसरू नयेत. नैराश्य बऱ्याचदा काळाने आपोआपही ओसरतं. म्हणूनच तुलनेचा गट लागतो, नाहीतर अंगारा देणारा बाबाही दहातले चार बरे केल्याचं छातीठोक सांगेल. खरी कमाई मधल्या पंचवीस टक्क्यांची. म्हणजे चौघांना हा उपचार दिला तर त्यांतला एक असा, जो एरवी तीन महिन्यांत सुटला नसता. वैद्यकात हा हिशेब चांगलाच मानतात. याच धर्तीवर दारूचा त्रास असलेल्या 377 पुरुषांवरही चाचणी झाली. तिथे फरक लहान होता, त्रासातून सुटलेले 36 विरुद्ध 26 टक्के. बाटली मनापेक्षा चिवट.

रुग्ण ओळखायचा कसा? त्यासाठी रक्ताची तपासणी नाही, नऊ प्रश्नांचा कागद आहे. पीएचक्यू-9. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कशात रस न वाटणं किती दिवस होतं, अशा प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो विचारताना नवख्यांची जीभ अडखळते. आपणच डोक्यात भरवलं तर? आजवरचा अभ्यास सांगतो की विचारल्याने असे विचार वाढत नाहीत. उलट कुणी तरी विचारलं याने कित्येकांना हलकं वाटतं.

गोवा आटोपशीर राज्य, केंद्रं हाकेच्या अंतरावर. विदर्भात काय? अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तिथे केंद्रात वाट बघत बसण्यापेक्षा गावातलेच कार्यकर्ते घरोघरी, बैठकांत बोलू लागले, आणि तेही लोकांच्या शब्दांत. 'डिप्रेशन' नाही, टेन्शन, विचार. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोकांनी कुठे मदत घेतली होती. दीड वर्षाने 27.2 टक्क्यांनी. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. मात्र इथे तुलनेची वेगळी गावं नव्हती. एखादं बरं पीक, एखादा बरा पाऊसही आकडे हलवू शकतो. मदत घेणारे सहापट होणं पावसावर ढकलता येत नाही, विचार कमी होण्याबद्दल मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही.

आता मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात हेच तंत्र आशाताईंना शिकवून पाहिलं गेलं आहे, काहींना वर्गात, काहींना मोबाइलवर. महाराष्ट्रातही शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्पा'त आशांवर घरोघरी विचारपूस करायची जबाबदारी आली. इथे मला धास्ती वाटते. साधारण हजार लोकांमागे एक आशा. लसीकरण, गरोदर बायका, क्षयाच्या गोळ्या, सर्वेक्षणं, मोबाइलमधली ॲपं, सगळं तिच्याच पिशवीत. गोव्यात जो अर्धा तास कामाला आला तो त्याच कामासाठी राखलेला होता. तो आशाताईच्या दिवसातून फुकट निघेल असं धरून चालणं म्हणजे नऊ प्रश्नांचा कागद भरला जाईल, पण उपचार होणार नाही.

आणि गोव्यातल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण होई, आठवड्याला सगळे एकत्र बसून ते ऐकत आणि एकमेकांना गुण देत. कुठे घाई केली, कुठे सल्ले देत सुटलो. हळूहळू हे तपासण्याचं काम तज्ज्ञांकडून समुपदेशकांच्याच हाती आलं. तज्ज्ञाची गरज त्यामुळे संपत नाही. भास होणारा, एकाएकी अतिउत्साहात पैसे उधळणारा, किंवा नवव्या प्रश्नाला 'रोज' म्हणणारा रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवायचा असतो. रात्री-अपरात्री गाठायला 'टेली-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. बाकीच्यांसाठी जिल्ह्याच्या एकमेव मानसोपचारतज्ज्ञाने स्वतः ओपीडीत रोज शंभर जण बघावेत, की आठवड्याला एक दिवस वीस समुपदेशकांच्या भेटी ऐकाव्यात, हे ठरवायचं काम आरोग्य खात्याचं आहे.