रचित व्यक्तिछायाचित्रण

रचित व्यक्तिछायाचित्रण : वेश, वस्तू, पडदा, प्रकाश आणि उभे राहण्याची ढब आधी ठरवून माणसाचे वेगळेपण, प्रसंगी त्याचा तऱ्हेवाईकपणाही, ठसठशीतपणे दाखवणारा छायाचित्रणाचा प्रकार. नकळत टिपलेल्या छायाचित्रात माणूस बेसावध असतो. इथे तो तयार होऊन येतो, बहुधा थेट भिंगाकडे पाहतो आणि आपण कसे दिसावे हे ठरवण्यात त्याचाही वाटा असतो. तो वाटा काढून घेतला तर निव्वळ नवलाई उरते.

छायाचित्रणाच्या आरंभापासूनच हा प्रकार आढळतो. छायाचित्रणाच्या शोधाचे श्रेय लुई दागेरला मिळाले म्हणून चिडलेल्या फ्रेंच छायाचित्रकार इपोलित बायारने १८४० मध्ये बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचे छायाचित्र काढले. पुढे फ्रेंच कलावंत क्लोद काउँ (१८९४–१९५४) आणि अमेरिकन छायाचित्रकार सिंडी शर्मन यांनी स्वतःलाच निरनिराळ्या सोंगांत उभे केले. छायाचित्रकार सॅम्युएल फोसोची गोष्ट अधिक लोभस आहे. १९७५ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, त्याने मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी येथे स्टुडिओ थाटला. गिऱ्हाइकांचे फोटो काढून उरलेल्या फिल्मवर तो रात्री नटूनथटून स्वतःचे फोटो काढी आणि नायजेरियातल्या आजीला पाठवी. भारतात या प्रकारात बंगळूरुच्या कलावंत पुष्पमाला एन. यांचे काम महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात छायाचित्रकार गौरी गिल यांनी जव्हारच्या मुखवटे करणाऱ्या कारागिरांना सोबत घेऊन, कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून रोजची कामे करणारी माणसे टिपली.

नागपूरच्या संदर्भात आधी याच्या उलट परंपरेची नोंद घ्यावी लागते. ब्रिटिश काळात हे शहर मध्य प्रांताची राजधानी होते. त्या प्रांतातील जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी लिहिलेला चार खंडी ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यातील छायाचित्रांत माणसे उभी आहेत ती मुख्यतः आपापल्या समाजाचा नमुना म्हणून. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरकर अजब बंगला म्हणतात; माणसाला मात्र तिथल्या कपाटातल्या वस्तूसारखे मांडले, की त्याचे नाव आधी पुसले जाते. रचित व्यक्तिचित्राची खरी धडपड ते नाव परत मिळवण्याची आहे.

या छायाचित्रणाला लागणारी सोंगाची हौस वऱ्हाड-झाडीपट्टीत उदंड आहे. झाडीपट्टीतल्या दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत पुरुष कलाकार स्त्रीभूमिका रंगवतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेली पोरे वेशभूषा करतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. त्याच दिवशी नागपूरच्या महाल-इतवारी भागातून मारबतींची, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सोबत चालू घडामोडींची टर उडवणारे पुतळे, म्हणजे बडगे. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’च्या गजरात कुणाला थांबवून उभे करणे अशक्यच. म्हणून त्या गर्दीतले फोटो वृत्तछायाचित्रेच ठरतात. रचित चित्र हवे असेल तर आधीच्या दिवसांत, बांबूचा सांगाडा अर्धा उभा असताना, कारागिराला त्याच्या कामाशेजारी बसवणे जास्त फलदायी.

तंत्र साधे आहे. एकरंगी पडदा किंवा ओळखीची भिंत, डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा, आणि भरपूर वेळ. वैदर्भीय उन्हाळ्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळतो. त्यामुळे काम सकाळी, सावलीत उरकावे लागते.

या प्रकारावरचा आक्षेप जुना आणि गंभीर आहे. अमेरिकन छायाचित्रकार डायन आर्बस यांनी समाजाच्या कडेला राहणाऱ्या माणसांची जी चित्रे काढली त्यांत सहानुभूती नाही, अशी टीका अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७० च्या दशकात केली. आर्बस यांचे चाहते नेमके उलट म्हणतात. दोन्ही बाजू चित्राकडेच बोट दाखवतात, पण निवाडा बराचसा चित्राबाहेर असतो : त्या माणसाने होकार कशाला दिला होता, चित्र कुठे लागणार हे त्याला सांगितले होते का, आणि नको म्हणाल्यावर ते काढून टाकले गेले का.